मुलगा की मुलगी

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि चिमट्याने कळीची पाकळी हळूच मागे सारली. आत पुंकेसर नव्हते. मधोमध हिरवट, फुगीर बीजकोश होता आणि त्याच्या टोकावर चिकट, चकाकते फाटे. त्यांनी दुसरी कळी उघडली. तिच्यातही तेच. तिसरी त्यांनी उघडली नाही. वाया घालवण्याइतक्या कळ्या नव्हत्याच. काचघराच्या कोपऱ्यात पालथ्या घातलेल्या बादलीवर त्या मटकन बसल्या.

हे झाड जगात एकाच डोंगराच्या एकाच कड्यावर उगवायचं. त्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. बाई या बागेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या तेव्हा कड्यावर एक नर आणि एक मादी, एवढीच उरली होती. मग दरड कोसळली आणि मादी गेली. कड्याच्या रखवालदाराने दगडांखालून तिची फळं वेचून आणून दिली. त्या मूठभर बियांतली एकच रुजली. उरलेल्या नराच्या फांद्या लावून पाहिल्या, कलमं बांधून पाहिली. एकही जगलं नाही. त्याचे परागकण साठवून पाहिले. थंड पेटीतसुद्धा ते तग धरेनात. सगळी भिस्त या एका रोपावर आली. आणि ते नर की मादी, हे फुलल्याशिवाय कळणार नव्हतं.

फुलायला त्याने बाईंचं अर्धं आयुष्य घेतलं. केस पिकले, नवरा गेला, नोकरी संपली, तरी सकाळी काचघराचं कुलूप त्याच उघडत. माळी येताजाता विचारायचे, "काय बाई, मुलगा की मुलगी?" त्या म्हणायच्या, "बाळ अजून तोंड दाखवत नाहीये."

त्यांची पोटची मुलगी लांबच्या शहरात असायची. ती या झाडाला 'धाकटं' म्हणायची. तिच्या बाळंतपणाला बाई उशिरा पोचल्या होत्या, कारण धाकट्यावर मावा पडला होता. मुलगी तेव्हा काही बोलली नाही. पण त्यानंतर तिने आईला 'राहायला ये' असंही कधी म्हटलं नाही.

आज पहिला फोन बाईंनी तिलाच लावला.

"मुलगी आहे," त्या म्हणाल्या.

पलीकडे मुलगी हसली, शाळेत असताना हसायची तशी. "सुटलीस एकदाची. आता तिचं लग्न लावून दे आणि ये इकडे. नातवाला आजी फक्त फोटोत माहीत आहे."

"येते," बाई म्हणाल्या. "एवढं उरकलं की येतेच."

दुसरा फोन त्यांनी रखवालदाराला लावला. बोलताना त्यांना धाप लागत होती. "दादा, आपली मादी आहे. कड्यावरचा नरही आत्ता फुलला असेल ना? फुलं आजच उतरवून ठेवा, मी गाडी घेऊन निघते. ताजे परागकण हवेत."

"बाई, ते झाड नाही राहिलं."

"दरड आली का?"

"नाही. तोडलं. तुम्हाला कळवायचं धाडस होईना. रोज फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो."

बाईंनी झाडाकडे पाहिलं. समोर ती दोन फुलं उघडी होती. उद्यापर्यंत ती सुकणार होती.

"तोडलं कसं?" त्यांनी विचारलं. "त्या झाडापायी तर त्या डोंगरावरची खाण अडली होती. अख्ख्या जगात एकच आहे म्हणून त्याला हात लावायची बंदी होती. परवानगी दिली कोणी?"

रखवालदार अगदी हळू बोलला.

"एकच होतं तोवर बंदी होती, बाई. खाणवाल्यांनी तुमच्या काचघरातल्या झाडाचा फोटो नेऊन दाखवला. दुसरं आहे म्हटल्यावर परवानगी मिळाली."