नळीत भरलेला समुद्र

"मॅडम, हे तुमाला पटायचं न्हाई. आजवर कुनालाच पटलं न्हाई," सहादेव म्हणाला आणि बर्नरची ज्योत बारीक केली. "पन ह्यो समुद्र मी काचेच्या नळीत भरून एस्टीनं नागापूरला आनलाय."

समोरच्या स्टुलावर आरती बसली होती. नाशिकला घरं-हॉटेलं सजवून देणारी बाई. कोकणात समुद्राकाठी एक हॉटेल उभं राहत होतं, तिथं टांगायला तिला चाळीस दिवे हवे होते. सहादेवानं फुंकलेला नमुन्याचा एक दिवा तिच्या हातात होता. हिरवट काच, आत केसाइतक्या बारीक रेघा, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या, आणि वरच्या कडेला रुपेरी लव, फुंकर मारली तर उडून जाईल अशी. फोनवर तिनं एकच अट घातली होती. काम देईन ते समुद्र मन लावून पाहिलेल्या माणसालाच. कारखान्याचे मालक रविराजशेठ विचार न करता हो म्हणाले होते आणि पुढचं सहादेवावर सोपवून मोकळे झाले होते.

सहादेवाचं सगळं त्या होकारावर अडकलं होतं. तीस वर्षं तो प्रयोगशाळांना लागणाऱ्या वाकड्यातिकड्या नळ्या ज्योतीवर फुंकत आला होता. आता तेच काम करणारं यंत्र आलं होतं. एक तारखेला त्याच्या बर्नरवर ताडपत्री पडणार होती. चाळीस दिव्यांचं काम आलं तर ज्योत राहणार. नाही तर सहादेव घरी, आणि घरी बसून माणसानं फुंकायचं तरी कशात?

म्हणून त्यानं सुरुवात केली ती थेट हर्णैच्या बंदरापासून. तिथं तीन महिने वाळूत झोपून त्यानं म्हणे लाटा मोजल्या. चांगली तरणीताठी लाट हेरून तिच्यावरचा वारा नळीत घेतला आणि रबरी बूच मारलं. कंडक्टरनं नळी हलवून बघितली, आत पाणी वाजलं, म्हणून लगेजचं तिकीट फाडलं. शिरूरला बूच सैल झालं आणि गाडीभर बोंबलाचा वास सुटला. माळकरी मंडळी तेवढी खाली उतरली. सहादेवाला खिडकीची जागा मिळाली. तोच वारा आजही तो थोडा थोडा काचेत सोडतो. एका दिव्याला चिमूटभर पुरतो.

एवढ्यात त्याची बायको मनकर्णा डबा घेऊन आली आणि दाराशी खोक्यावर बसली. पलीकडच्या बर्नरवरच्या वाल्मिकनं हातातलं काम थांबवलं. बायकोपुढं सहादेवाची थाप टिकत नाही, हे साऱ्या नागापूरला ठाऊक होतं. एकदा त्यानं शेडमध्ये बिबट्या शेकायला येतो म्हणून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, ते मांजर हुतं, आन तेबी शेजाऱ्याचं. तिला न कळण्यासारखं काही नव्हतंच. लग्नानंतर तिसगाव सोडून दोघांनी सहा हिवाळे याच जिल्ह्यातल्या बेलापूरच्या फडात ऊस तोडला होता, तो मोळ्या भरायचा, ती उसाच्या शेंड्यांची वाढं बांधायची, आणि तिथून दोघं सरळ या शेडमध्ये आले होते. पुण्याच्या पलीकडं तो गेला नव्हता. पुण्यालाही एकदाच, दाढ काढायला.

सहादेवानं तिच्याकडं बघायचं टाळलं.

आरतीनं हसून सगळं ऐकून घेतलं. मग दिवा फिरवत सहज विचारलं, भरतीचं पाणी कडेकडेनं चढतं ते तुम्ही काचेत कसं धरता?

काच सहादेवाला माहीत होती. भरती नव्हती. पण पाणी येतं कसं, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं.

"त्याचं काय हाय," तो म्हणाला, "महिना-दीड महिन्यानं पानी सुटतं. आदल्या दिवशी पाटकरी येऊन सांगून जातो. मग बारी लागंल तसं चढत येतं."

कालव्यावर वाढलेल्या माणसाला पाणी कुणी न सोडता चढतं, हे सुचावं तरी कसं. वाल्मिकनं मान खाली घातली. आरतीनं दिवा अलगद टेबलावर ठेवला आणि वहीत पेन्सिल घालून वही मिटली. सहादेवाचा हात गॅसच्या कॉकवर गेला. मग सगळ्यांनी दाराकडं पाहिलं, कारण आता पाळी मनकर्णाची होती.

तिनं पदराला हात पुसले.

"खरं हाय ते, बाई," ती म्हणाली. "मी हुते की संगं. त्यो पाटकरी आमच्याच खोपीत च्या प्यायचा. लई भला मानूस."

सहादेवानं आ वासला. पस्तीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा खोटं बोलली होती, आणि बोलली ती त्याच्याही वरताण.

आरतीनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. दिवा पुन्हा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिली.

"काकू, मी वेंगुर्ल्याची," ती म्हणाली. "आमच्या पायरीपर्यंत भरती येते, पण पाटकरी काही आजवर आला नाही. दोघंही खोटं बोलताय. सकाळी बेलापूरपासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुऱ्यावर आलेला ऊस वाऱ्यानं लवत होता, तो हा. लाटा तर हॉटेलच्या खिडकीतून दिसतात, त्या टांगून काय करू? चाळीसही दिवे उसाचेच करा, काका, आणि पुन्हा याला समुद्र म्हणू नका."