सहा एमएमची प्लेट

क्रेननं गाडी गॅरेजच्या दारात उतरवली, तसे हिंदुराव मिस्त्री तिच्याखाली शिरले. मोटार रॅलीत वळणावर मागचं चाक निखळलं आणि गाडी त्यांच्या लेकीसकट दरीत गेली होती. कालच तिचं तेरावं झालं.

मागच्या चाकाचं सस्पेन्शन बॉडीला जिथं बसतं, तिथला पत्रा रॅलीच्या दणक्यांनी फाटतो, म्हणून तिथं प्लेट वेल्ड करून घेतात. "आबा, दोन एमएमची रुंद प्लेट लावा. ताण पसरला पाहिजे," लेक तेजू म्हणाली होती. ते हसले होते. "तू बसणार हाईस त्यात. सहाची ठोकतो. हत्ती लोंबकळला तरी हलायची न्हाई."

माती पुसल्यावर प्लेट दिसली. जशीच्या तशी होती. वेल्डला साधा तडाही नव्हता. तिच्या कडेनं गाडीचा पातळ पत्रा मात्र डबा कापून उघडावा तसा गोल फाटला होता. जाड प्लेट तसूभरही वाकली नव्हती. सगळा ताण तिनं त्या पत्र्यावर ढकलला होता.

शेजारचा गॅरेजवाला खाली वाकला. "मिस्त्री, जिवाला लावून घेऊ नका. तुमचा जोड शाबूत हाय. पत्रा फाटलाय."

 हिंदुराव त्या जोडावरून बोट फिरवत खालीच पडून राहिले. उभ्या आयुष्यात एवढा पक्का जोड त्यांनी दुसऱ्या कुणाच्या गाडीला मारला नव्हता.