राखेतलं बियाणं

ओसरीवर टेकताच कृषी सहायक धोंगड्यांनी गजराबाईंपुढे तक्ता उघडला. दहा वर्षांच्या पीककापणीच्या नोंदी त्यांनी पहिल्यांदाच शेजारी शेजारी मांडल्या होत्या. पाऊस हुकला त्या प्रत्येक साली त्यांनी वाटलेली संकरित ज्वारी करपली होती. तगली होती ती एकट्या गजराबाईंची, जुन्या बियाण्याची.

“मावशी, चूक माझीच. तुमचं बियाणं द्या, यंदा गावभर पेरू.”

गजराबाईंनी बियाण्याचं गाडगं पालथं केलं. नुसती राख पडली.

“सासूबाईंपासनं राखेत जपलं हुतं, सायेब. गेल्या साली तुमीच म्हनला, ‘हे जुनं कशाला ठेवताय? दळून खावा.’ दळलं.”

“सगळं?”

“सगळं. त्या दिशी तुमीबी आमच्यातच जेवला की.”

धोंगड्यांना ती भाकरी आठवली. गोड लागली म्हणून त्यांनी आणखी एक मागून घेतली होती.