मिक्सरची चप्पल

"आई, ओट्याखाली ही चप्पल कुणाची?"

"मिक्सरची," सुनंदाबाई म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडत राहिल्या.

राजसी हसली. लग्न होऊन ती या घरात आली त्याला जेमतेम आठवडा झाला होता. सासूबाई थट्टा करताहेत असं तिला वाटलं. पण सासूबाईंचा चेहरा काही थट्टेचा नव्हता.

"अनवाणी लावू नकोस हं. करंट मारतो तो."

"अहो, मग तुम्ही तसाच वापरता?"

"तसाच कुठं? चप्पल घालून." त्यांनी सुस्कारा सोडला. "उल्हासनगरच्या खोलीत होतो तेव्हापासून सांगतेय यांना. तर म्हणे, तुझेच हात ओले असतात. एकदा मी रडले, तर हे बाजारात जाऊन रबरी चप्पल घेऊन आले. अगदी माझ्या मापाची."

'हे' म्हणजे श्यामकांत. कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. घरातला नळ, पंखा, प्लग, सगळं तेच बघायचे. बाहेरचा माणूस बोलावला तर त्यांचा पापड मोडायचा. आत्ता ते केस कापायला गेले होते.

राजसीने मिक्सरचा प्लग बोर्डातून उपसला. "उघडून बघू या?"

"तुला येतं?"

"छे! मोबाइलवर बघून करू."

"नको गं बाई. भलतंच काहीतरी होऊन बसेल."

"आई, उद्यापासून डब्याची चटणी मी करणार. मलापण चप्पल आणून देतील का?"

सुनंदाबाईंचा हात थांबला. त्या उठल्या आणि श्यामकांतचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या.

प्लग उघडला. तीन पिना, पण वायरी दोनच. तिसरी, हिरवी, मागेच कापून टाकलेली. टोकाला काळी टेप मात्र काय सुरेख गुंडाळली होती! मोबाइलवरचा माणूस सांगत होता, हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. मशीनच्या अंगात करंट उतरला, तर हीच तो जमिनीत नेते.

उल्हासनगरच्या खोलीतल्या बोर्डाला दोनच भोकं होती. तेव्हा कापली असणार. पुढे अंबरनाथला फ्लॅट झाला, तीन भोकांचे बोर्ड आले, श्यामकांतनी तीन पिनांचा प्लग बसवला. वायर तशीच राहिली.

सुनंदाबाई खालीच बसल्या. खरं तर संताप यायला हवा होता. त्यांना नुसतं गळून गेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपणच वेंधळ्या, असं त्या धरून चालल्या होत्या. मिक्सर लावण्याआधी पदराला हात पुसपुसून त्यांची कातडी निघायची.

मग दोघी कामाला लागल्या. हिरवी आखूड, म्हणून बाकीच्या दोन्ही कापून तिच्याएवढ्या केल्या. सुरीने वरचं प्लास्टिक सोलताना राजसीने आधी तांब्याच्या तारांचाच चुरा केला. दुसऱ्या खेपेला जमलं. हिरवी मोठ्या पिनेला. स्क्रू आवळले, वायर ओढून पाहिली.

"मी लावते," राजसी म्हणाली.

"तू लांब हो."

सुनंदाबाईंनी दोन्ही पाय फरशीवर टेकवले, तळहात मिक्सरच्या स्टीलवर ठेवला आणि डोळे घट्ट मिटून बटण फिरवलं. मिक्सर घरघरला. हात तिथंच राहिला.

"नाही गं मारत," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडूच फुटलं.

तेवढ्यात श्यामकांत आत आले, मानेवर पावडर, बारीक केस. ओट्यावर वायरीचे तुकडे पडलेले.

"हे कुणी उघडलं? अगं, मला सांगायचं ना! पाच मिनिटांचं काम."

राजसीने तोंड उघडलं. सुनंदाबाईंनी तिचा हात दाबला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तू मेन बंद कर. गीझरचा प्लगपण यांनीच बसवलाय."