डावा हात

लेकीच्या, स्वरदाच्या, गिटारसाठी मृण्मयी घरीच जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बांधत होती. टेबलावर वडिलांचा सुट्या भागांचा जुना डबा होता. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून घरी आले की अप्पा तिला रेडिओ उघडून शिकवायचे, आणि शिकवताना तिचा डावा हात मागून धरून ठेवायचे.

"एकाच हातानं काम कर पोरी. दोन्ही हात आत घातलेस, तर वीज काळजातून जाते."

स्वरदाच्या जन्माआधीच अप्पा गेले.

डब्यातला वीज साठवणारा कपॅसिटर साडेतीनशे व्होल्टपर्यंतच झेपणारा होता. हिशेबानं तीनशे तीसच येणार होते, तेव्हा अप्पांची आठवण म्हणून तिनं तोच लावला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत व्होल्टेज वर चढतं, पाचशेचा घ्यावा, हे अप्पांनीच शिकवलेलं ती विसरली.

बटण दाबताच मीटरवरचा आकडा चारशेकडे चढला. कपॅसिटर फुगू लागला. तो उपटून काढायला ती घाबरून दोन्ही हातांनी वाकली, आणि तिचा डावा हात कुणीतरी मागे धरला.

सोल्डरच्या राळेचा वास आला. अंगठ्यावरचा घट्टा ओळखीचा होता.

उजव्या हातानं तिनं प्लग काढला. पकड सुटूच नये असं तिला वाटत होतं, पण ती सुटली.

"झाला का गं? बघू," म्हणत स्वरदा टेबलाशी आली. कपॅसिटरमध्ये वीज अजून साठलेली होती. मृण्मयी ओरडणार, तोच अँपकडे झेपावलेल्या स्वरदाचा डावा हात सावकाश पाठीमागे गेला.

"आई, सोड ना हात," ती हसून म्हणाली.

मृण्मयी टेबलाच्या पलीकडे, तिच्या समोर उभी होती.