उद्याची धूळ

लेक कामावरून दमून आली, की मेकॅनिकीत जन्म गेलेले बाबा दारातच उभे. जेवल्याचं आठवत नसे, पण प्रश्न ठरलेला.

“एअर फिल्टर साफ केलास?”

पर्स खांद्याला तशीच ठेवून तिने बॉनेट उघडलं. बाबा चाचपडू लागले.

“कुठून हवा घेते गं ही?”

तिने त्यांचा हात धरून बॅटरीशेजारच्या काळ्या डब्यावर ठेवला. मग बोटांना सगळं आठवलं. क्लिपा निघाल्या, फिल्टर बाहेर आला, आपटताच धुळीचा लोट उठला.

“बघ! मी नसतो तर गुदमरली असती गाडी.”

“हो ना, बाबा.”

ते खुशीत आत गेले. तिने डिकीतला चांगला फिल्टर गाडीला लावला. बाबांनी झटकलेल्या जुन्या फिल्टरवर अंगणातली मूठभर माती चोळली आणि तो डिकीत ठेवला, उद्या घराच्या अलीकडे थांबून पुन्हा बसवायला.