दसऱ्याचं निरांजन

सिटी सेंटरच्या साइटवर टँकरमधून टाकीत डिझेल उतरत होतं. हेमेंद्र नेहमीसारखा पाइपपाशी पहारा देत उभा. अर्थिंगची तार लावलीय ना, कुणाच्या खिशात काडेपेटी नाही ना, त्याच्या या रोजच्या कटकटीला अख्खी साइट वैतागली होती.

तेवढ्यात मालकीणबाई पेटतं निरांजन घेऊन थेट टँकरकडे आल्या. दसरा होता. बाकी सगळ्या मशिनींची पूजा झाली होती, टँकर तेवढा राहिला होता.

"वहिनीसाहेब, डिझेल उतरेपर्यंत थांबा हो," हेमेंद्र काकुळतीला आला.

"अरे, मुहूर्त टळतोय!" म्हणत त्यांनी ओवाळायला ताट उचललंसुद्धा.

हेमेंद्रनं पुढे होऊन फुंकर मारली. निरांजन विझलं.

"दिमाग ठिकाने पे है तेरा?" मालक तात्यासाहेब कडाडले. "सणाच्या दिवशी देवाचा दिवा विझवतोस? चालता हो आत्ताच्या आत्ता! उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

हेमेंद्रनं हेल्मेट काढून वाळूच्या बादलीवर ठेवलं आणि तो फाटकाकडे निघाला. मागे काडी ओढल्याचा आवाज आला, तसे त्याचे पाय थबकले. त्यानं वळून पाहिलं. पाइपातून डिझेल अजून वाहतच होतं, आणि पेटलेल्या निरांजनापुढे तात्यासाहेब डोळे मिटून, हात जोडून म्हणत होते, "देवा, वर्षभरात इथे साधी ठिणगी पडू दिली नाहीस. अशीच कृपा असू दे."